चित्राकडून अक्षराकडे: लहानग्यांबरोबर चित्रपुस्तक कसं वाचावं

"चार वर्षांच्या मुलासाठी काहीतरी द्या, अक्षरं शिकेल असं." पुस्तकांच्या दुकानात हे वाक्य हमखास कानावर पडतं. मग अंकलिपी निघते, बाराखडीचा तक्ता निघतो, गिरवायची वही निघते. या वस्तू वाईट नाहीत. पण 'अ अननसाचा' पाठ झालं तरी अक्षरं जोडून पुढे करायचं काय आणि कशासाठी, हे मुलाला त्यातून कळत नाही. ते कळतं गोष्टीच्या चित्रपुस्तकातून, आणि तेही कुणीतरी शेजारी बसून वाचलं तर. हा लेख त्या शेजारी बसणाऱ्यांसाठी आहे: नवे आईबाबा, नातवंडं सांभाळणारे आजीआजोबा, बालवाडीत नव्याने लागलेल्या ताई, चाळीतल्या किंवा सोसायटीच्या खोलीत मुलांसाठी चार पुस्तकं मांडू पाहणारे लोक. मी या शेवटच्या गटातली.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुस्तक उघडून आपण मुलाची परीक्षा घ्यायला लागलो की ते पळ काढतं. त्याला बोलू दिलं आणि त्याचं बोलणं त्याच्यादेखत कागदावर उतरवलं, की वाचण्यालिहिण्याची ओढ आपसूक लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्याच आहेत.

आधी एक धास्ती दूर करते. शेजारची मुलगी ज्युनिअर केजीत वाक्यं लिहिते म्हणून आपलं मूल मागे पडलं असं नसतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ ही वर्षं मिळून पायाभूत टप्पा मानली आहेत, आणि २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टसुद्धा तिसरीच्या अखेरीस समजून वाचता यावं असं आहे. म्हणजे चौथ्या वर्षी पेन्सिल धरून रडवायची काहीच गरज नाही.

पुस्तक निवडताना

दुकानात उभ्याउभ्याच एक कसोटी लावता येते. मजकुरावर हात ठेवा आणि नुसती चित्रं पाहत पानं उलटा. काहीतरी घडतंय असं वाटलं, पुढचं पान उलटावंसं वाटलं, तर पुस्तक चांगलं. प्रत्येक पानावर नुसताच एकेक हसरा प्राणी उभा असेल तर ते ठेवून द्या. मग मजकूर मोठ्याने वाचून बघा. दुकानात लाज वाटली तर ओठांतल्या ओठांत वाचा. मराठीत आलेली बरीचशी चित्रपुस्तकं अनुवादित असतात. त्यातली काही फार सुंदर उतरली आहेत, तर काहींत वाक्य इतकं अवघडून बसलेलं असतं की वाचणाऱ्याचीच जीभ अडखळते. जे आपल्याला सहज म्हणता येत नाही, ते मुलाच्या कानाला लागत नाही.

अक्षरं मोठी, शब्दांमध्ये नीट अंतर, आणि मजकूर चित्राच्या गर्दीत छापलेला नको. गडद निळ्या आकाशावर काळी अक्षरं छापण्याची हौस काही प्रकाशकांना असते. ते पुस्तक मोठ्यांनाही वाचवत नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना जाड पुठ्ठ्याची पुस्तकं द्या. पानं फाटायचं वय असतं ते, त्यात मुलाचा दोष नाही. तीन-साडेतीननंतर पिना मारलेली पातळ पुस्तकं चालतात. एका पानावर एक-दोन ओळी असल्या की पुरे.

आणि शब्दच नसलेलं, फक्त चित्रांचं पुस्तक आवर्जून घ्या. 'यात काय वाचायचं? पैसे फुकट' असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ज्या आजीला वाचता येत नाही, ज्या वडिलांचं शिक्षण दुसऱ्या भाषेत झालं, त्यांच्यासाठी यासारखं पुस्तक नाही. ते कुठल्याही भाषेत, कुठल्याही बोलीत सांगता येतं, आणि रोज नवी गोष्ट निघते.

कुठे मिळतील? दादरच्या मराठी पुस्तकांच्या दुकानांत लहान मुलांचा कोपरा असतोच. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन, चेन्नईचं तूलिका, भोपाळचं एकलव्य ही नावं विचारा. यातले काही प्रकाशक मराठीबाहेरचे असले तरी त्यांची मराठी पुस्तकं आहेत. तूलिकाची द्विभाषिक पुस्तकं घरात दोन भाषा असतील तर फार सोयीची. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि फोर्टात फाउंटनजवळ जुनी इंग्रजी चित्रपुस्तकं मिळतात. ती घ्यायला हरकत नाही. मजकूर बाजूला ठेवून चित्रांवरून मराठीत गोष्ट सांगायची.

खिशाला चाट नको असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, २०१५ पासून चालू. तिथली पुस्तकं खुल्या परवान्यावर आहेत: उतरवून घ्या, छापा, वाटा, अगदी आपल्या बोलीत अनुवादही करा, फक्त मूळ लेखक-चित्रकारांची नावं ठेवायची. मराठी निवडून पातळी निवडता येते. पातळ्या चार आहेत, नवख्यांनी पहिलीपासून सुरू करावं. मोबाइलवर वाचण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा आणि मधोमध पिना मारा. मोबाइलच्या पडद्यावर बोट लागलं की गोष्ट निघून जाते आणि दुसरंच काहीतरी उघडतं, मग वाचन संपलंच.

जागा आणि वेळ

मुंबईत वाचनाचा कोपरा वगैरे मासिकात शोभतो. दहा बाय बाराच्या खोलीत खिडकीच्या गजांना नायलॉनची दोरी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं अडकवा, मुखपृष्ठ पुढे. महत्त्वाचं ते हेच: मुलाला पुस्तकाचा कणा नाही, तोंड दिसलं पाहिजे, आणि हात पोचला पाहिजे. कपाटात कुलूपबंद ठेवलेली पुस्तकं पाहुण्यांसाठी असतात. एका वेळी पाच-सहा पुरेत. दर आठवड्याला अदलाबदल करा. पावसाळ्यात आपल्याकडे कागदाला कुबट वास आणि बुरशी धरते, तेव्हा अधूनमधून पंख्याखाली पसरून ठेवा. वाळलेला कडुलिंबाचा पाला पिशवीत टाकला तर किडे लांब राहतात.

वेळेचं म्हणाल तर विरार किंवा कल्याणहून लोकलला लोंबकळत घरी आलेल्या माणसाला रोज तासभर वाच म्हणणं क्रूरपणा आहे. दहा मिनिटं पुरतात. जेवणानंतर, टीव्ही बंद करून. मालिका चालू ठेवून वाचलेलं वाया जातं, हे आजींना प्रेमाने पण ठामपणे सांगावं लागतं.

पहिल्यांदा वाचताना

मूल मांडीवर किंवा शेजारी, पुस्तक दोघांना दिसेल असं. मुखपृष्ठ बघा, नाव वाचा, लिहिणाऱ्याचं आणि चित्रं काढणाऱ्याचंही नाव वाचा. पुस्तक कुणीतरी माणसाने केलेलं असतं हे मुलाला इथेच कळतं, आणि पुढे 'मी पण करतो' याची सुरुवात तिथूनच होते. मग सावकाश वाचा. शब्दांखालून बोट फिरवा, दर वेळी नाही, अधूनमधून. डावीकडून उजवीकडे जायचं, ओळ संपली की खाली उतरायचं, बोललेला शब्द त्या काळ्या खुणांमध्ये असतो, हे मुलाला कुणी शिकवत नाही. बोटामागे डोळा गेला की कळतं.

वाचून झाल्यावर लगेच पान उलटू नका. मुलाचे डोळे अजून चित्रावर फिरत असतात. मोठ्या माणसाचा वेग मजकुराचा असतो, मुलाचा वेग चित्राचा.

आता बोलायचं

इथे सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. समजा पानावर पाऊस पडतोय, भाजीवाल्या मावशींची छत्री उलटी झालीये, टोपलीतला टोमॅटो रस्त्यावरून घरंगळत चाललाय आणि फळकुटाखाली एक मांजर बसलीये. खाली एकच ओळ: धो धो पाऊस आला.

बहुतेक घरांत पुढचं बोलणं असं होतं. "हे काय आहे?" "मांजर." "टोमॅटोचा रंग कुठला?" "लाल." "किती टोमॅटो आहेत? मोज बघू." तिसऱ्या प्रश्नाला मूल उठून जातं. कारण त्याला पक्कं माहीत असतं की उत्तर आईला ठाऊक आहे, आई फक्त तपासतेय.

हेच असंही बोलता येतं:

"अगं बाई, छत्रीचं काय झालं बघ!"
"उलटी."
"उलटी झाली. वाऱ्याने उलटी झाली. आता मावशी काय करणार गं?"
"भिजणार."
"भिजणारच बिचाऱ्या. आणि हा टोमॅटो?"
"टोमॅटो पळाला. मांजरीकडे."
"मांजर टोमॅटो खाते?"
"नाही! ती बॉल बॉल खेळणार."

आईने आधी स्वतः काहीतरी आश्चर्याने म्हटलं. मुलीचा एकच शब्द उचलून त्याला आणखी एक शब्द जोडून परत दिला: 'उलटी' चं 'वाऱ्याने उलटी झाली'. आणि प्रश्न असे विचारले की ज्यांचं उत्तर पानावर छापलेलं नाही, म्हणजे आईलाही माहीत नाही. 'बॉल बॉल' हे त्या मुलीचं स्वतःचं. ते आपल्याला कधीच सुचलं नसतं.

ही पद्धत कुणाच्या लहरीतून आलेली नाही. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जेमतेम महिनाभर घरी अशा पद्धतीने वाचल्यावर मुलांच्या बोलण्यात चांगला फरक दिसला होता. तुलनेतली मुलंही पुस्तकं ऐकतच होती. फरक वाचण्याच्या तऱ्हेचा होता.

बोलताना भाषा सुधारायला जाऊ नका. मूल मालवणीत सांगेल, आगरीत सांगेल, मराठी-हिंदी-इंग्रजीची भेळ करेल. शाळा इंग्रजी माध्यमाची असली म्हणून घरी 'कॅट, कॅट म्हण' असा आग्रह धरणारे पालक मला दर महिन्याला भेटतात. ज्या भाषेत मुलाला 'का?' विचारता येतं आणि 'म्हणून' सांगता येतं, त्या भाषेत गोष्ट कळू दे. दुसऱ्या भाषेतली नावं त्यावर पटापट चढतात.

आणि हो, तात्पर्य नको. 'यावरून आपण काय शिकलो?' या प्रश्नाने भलं पुस्तक बेचव होतं.

पुन्हा तेच पुस्तक

मूल तेच पुस्तक रोज मागेल. वैतागू नका, हे चांगलं लक्षण आहे. पाचव्या-सहाव्या खेपेला ते पुढची ओळ आधीच म्हणेल. तेव्हा वाक्याचा शेवट सोडून द्या: "धो धो पाऊस..." आणि थांबा. थोड्या दिवसांनी ते एकटंच पुस्तक घेऊन बसेल आणि पानागणिक गोष्ट 'वाचेल'. पुस्तक उलटं धरलेलं असेल, चार शब्द इकडचे तिकडे होतील. 'खोटं खोटं वाचतोयस' असं कुणी चेष्टेतही म्हणू नये. खरं वाचन इथूनच येतं. असंच म्हणता म्हणता एक दिवस ते एखाद्या शब्दावर थांबतं आणि विचारतं, 'पाऊस कुठे लिहिलंय?' अक्षर दाखवायची वेळ ती. त्याच्या नावातलं अक्षर, नाहीतर पुस्तकात पुन्हा पुन्हा येणारा शब्द. एका दिवशी एकच, नंतर परत गोष्टीकडे.

बोललेलं कागदावर

गोष्ट संपली की खडू आणि पाठकोरे कागद पुढे टाका. 'टोमॅटो काढ' असं सांगायचं नाही. काढेल ते काढेल. काढून झालं की विचारा, "काय चाललंय यात?" आणि तो जे बोलेल ते त्याच्यादेखत, शब्द उच्चारत, मोठ्या अक्षरात चित्राखाली लिहा: टोमॅटो पळाला मांजरीकडे. जसं म्हटलं तसं. शब्दांचा क्रम बदलू नका, 'व्हतं' म्हटलं तर 'होतं' करू नका. मग बोट फिरवत परत वाचून दाखवा. आपल्याच तोंडचं वाक्य कागदावर बसलंय आणि दुसऱ्या दिवशीही ते तेच सांगतंय, याची मुलांना केवढी गंमत वाटते! घरात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

पुढे मूल स्वतः लिहू लागेल. आधी नुसत्या आडव्या वळणदार रेघोट्या, आणि विचारलं तर त्या रेघोट्यांचा अर्थ सांगेल. मग अक्षरांसारखे आकार, मग नावातली एक-दोन अक्षरं, मग शब्द. देवनागरीत काही गमती ठरलेल्या आहेत. काना-मात्रा गळतात, 'मामा'चं 'मम' होतं. पहिली वेलांटी कानाला अक्षरानंतर येते पण लिहायची आधी, म्हणून ती चुकीच्या बाजूला जाते. जोडाक्षरं तुटतात, रफार कुठे द्यायचा ते कळत नाही. यातलं बहुतेक वाचन वाढलं की वर्षा-दोन वर्षांत आपोआप जागेवर येतं. लाल पेनने गोल करत बसलात तर मूल फक्त येत असलेलेच शब्द लिहील. त्यापेक्षा चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर द्या. त्याने 'मल चकलट द' लिहिलं तर खाली लिहा, 'मला पण चॉकलेट दे!' बरोबर रूप त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि लिहिलं की उत्तर येतं हेही कळलं.

चिमुकलं पुस्तक करायची एक युक्ती, यात डिंक-पिना काही लागत नाही. ए-फोर कागदाच्या तीन घड्या घाला म्हणजे आठ चौकटी पडतील. उलगडा. आता लहान बाजू लहान बाजूला लावून एकदाच दुमडा, आणि घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर कागदाच्या मध्यापर्यंतच कात्री चालवा. पुन्हा उलगडलं की मधोमध एक चीर दिसेल. लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकला, चीर फाकेल, चार पाकळ्या होतील, त्या एकावर एक मिटा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आत सहा पानं. पहिल्या पुस्तकात दर पानावर एक चित्र आणि एक शब्द पुरे: 'माझ्या घरातले लोक', 'मी लोकलमधून काय पाहिलं'. मुखपृष्ठावर मुलाचं नाव हवंच. ते पुस्तक दोरीवर इतर पुस्तकांच्या शेजारी अडकवा.

मुंबईतच जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या त्या शिंपले, बिया, पानं अशा आजूबाजूच्या वस्तूंवर. महागडं साहित्य नाही म्हणून अडलंय, असं कुणी म्हणालं की मला त्या आठवतात.

घराबाहेर

रस्ताही वाचायला लावता येतो. बेस्टच्या बसवर पुढे देवनागरी आकडे असतात, स्टेशनच्या पाट्यांवर मराठी नाव असतं, आणि २०२२च्या कायदादुरुस्तीपासून सगळ्याच दुकानांना मराठी पाटी बंधनकारक आहे. 'तुझ्या नावातला स शोध' एवढा खेळ पुरतो. राणीच्या बागेतून आल्यावर बागेचं चित्रपुस्तक करायला बसवा. प्रत्यक्ष पेंग्विन पाहिलेलं मूल फार बोलतं.

बरीच मुलं असतील तर

बालवाडीत किंवा मंडळाच्या खोलीत वीसेक मुलं असतात तेव्हा अर्धचंद्रात बसवा. पुस्तक छातीसमोर नाही, चेहऱ्याच्या बाजूला धरा, नाहीतर तुम्हालाच मजकूर दिसत नाही. त्यामुळे आधी घरी दोनदा वाचून ठेवणं आलंच. मोठ्या आकाराचं पुस्तक नसेल तर एकाच पुस्तकाच्या चार-पाच प्रती ठेवून गट करा. प्रश्नाचं उत्तर नेहमी तीच दोन मुलं ओरडून देतात. 'शेजाऱ्याच्या कानात सांगा' म्हटलं की गप्प मुलंही बोलतात.

पुस्तकं घरी न्यायला द्या. फाटतील, तेलाचे डाग पडतील, एखादं गावी जाऊन येणार नाही. चिकटपट्टीचं रीळ तयार ठेवा. नोंदवहीत मुलालाच नाव लिहू द्या, रेघोटी ओढली तरी चालेल, कंसात तुम्ही लिहा. काही मुलं पुस्तक नाकाला लावून बघतात किंवा डोळे बारीक करतात. त्यांच्या पालकांना आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. 'वाचायचा कंटाळा' बऱ्याचदा चष्म्याचा असतो.

शेवटचं, मोठ्या मुलांच्या आईबाबांसाठी. दुसरी-तिसरीत मूल स्वतः वाचू लागलं की बरेच जण हुश्श करून वाचून दाखवणं बंद करतात. ते चालू ठेवा. मुलाला स्वतः वाचून कळतं त्यापेक्षा ऐकून कितीतरी जास्त कळतं, आणि ही तफावत पुढची बरीच वर्षं राहते. म्हणून आता त्याला अजून न झेपणारी, लांबलचक, भागाभागांची पुस्तकं तुम्ही वाचा आणि सोपी चित्रपुस्तकं त्याला धाकट्या भावंडाला वाचून दाखवू द्या.